हाजराची गोष्ट मुलांना पुरती सांगा

बकरी ईद जवळ आली की आमच्या गंगाखेडच्या मोहल्ल्यांमधून लहान मुलांना एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हजरत इब्राहिमांना स्वप्न पडलं, अल्लाहने त्यांच्या सर्वांत लाडक्या गोष्टीची कुर्बानी मागितली, बाप मुलाच्या गळ्यावर सुरी ठेवायला तयार झाला, मुलगाही मुकाट तयार झाला, आणि ऐन वेळी मुलाच्या जागी दुंबा आला. बापाची निष्ठा आणि मुलाचा आज्ञाधारकपणा सांगून झाला की गोष्ट संपते.

या मुलाला एक आई होती. तिचं नाव हाजरा. हजच्या यात्रेतला एक संपूर्ण विधी तिच्या आठवणीसाठी आहे. जगभरातून मक्केला जाणारे लाखो पुरुष तिच्या पावलांवर पाऊल ठेवून चालतात. पण चार-पाच वर्षांच्या मुलांना गोष्ट सांगताना तिच्या वाट्याला एखादं वाक्य येतं: बीबी हाजराने सबर केला आणि अल्लाहने पाणी दिलं. ज्या बाईने बाळासाठी डोंगर पालथे घातले, तिला आपण एका शब्दात बसवून टाकलं आहे.

माझं म्हणणं असं आहे की ही गोष्ट मुलांना लहानपणीच सांगितली पाहिजे आणि पुरती सांगितली पाहिजे. मुसलमान मुलांना तर सांगायचीच, शेजारच्या हिंदू आणि बौद्ध मुलांनाही सांगायची. ती सांगायला मौलानांची किंवा मास्तरांची वाट बघायची नाही. आपण बायकांनी ती सांगायची.

आधी गोष्ट तरी नीट समजून घेऊ. हाजरा मिसर देशाची. ती दासी होती, असं परंपरा सांगते. इब्राहिम आणि सारा यांना मूल नव्हतं. हाजराला इस्माईल झाला. पुढे इब्राहिम तिला आणि अंगावर पिणाऱ्या बाळाला घेऊन एका ओसाड खोऱ्यात आले. तिथे ना झाड, ना पाणी, ना माणूस. खजुराची एक पिशवी आणि पाण्याची एक पखाल तिच्याजवळ ठेवून ते परत निघाले. बुखारींच्या हदीस-संग्रहात इब्ने अब्बास यांच्या हवाल्याने ही हकीकत तपशिलात आली आहे. ती वाचली की पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी, की हाजरा गप्प बसत नाही. ती इब्राहिमांच्या मागे जाते. आम्हांला इथे टाकून कुठे चाललात, असं विचारते. ते मागे वळत नाहीत. ती पुन्हा विचारते, अनेकदा विचारते. शेवटी तिचा प्रश्न बदलतो. हा हुकूम अल्लाहचा आहे का, एवढंच ती विचारते. ते हो म्हणतात. तेव्हा ती म्हणते की मग तो आमची हेळसांड होऊ देणार नाही, आणि माघारी फिरते.

पाणी संपतं. दूध आटतं. बाळ तहानेने तळमळू लागतं. ती ते बघत बसत नाही. जवळची टेकडी सफा, तिच्यावर चढून कुणी माणूस दिसतं का ते बघते. कुणी नाही. खाली उतरते, अंगावरच्या वस्त्राचा काठ उचलून धरते आणि खोऱ्यातून धावत सुटते. आपल्याकडे बाई पदर खोचते ना, तसं. समोरच्या मरवा टेकडीवर चढते. तिथेही कुणी नाही. अशा सात फेऱ्या. त्यानंतर तिला चाहूल लागते आणि बाळाजवळ फरिश्त्याने उकरलेल्या जागी पाणी दिसतं. तोच झमझम.

इथे बहुतेक जण गोष्ट थांबवतात. पण हकीकत पुढे आहे आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. पाणी वाहून जाऊ नये म्हणून हाजरा हातांनी माती ओढून त्याला बांध घालते, पखाल भरून घेते, बाळाला पाजते. काही दिवसांनी जुरहुम टोळीचे लोक तिकडून जात असतात. त्यांना आकाशात घिरट्या घालणारा पक्षी दिसतो. पक्षी आहे म्हणजे पाणी असणार, हे ते ओळखतात. येऊन बघतात तर पाण्याशी एक एकटी बाई. ते तिची परवानगी मागतात: आम्ही इथे राहू का? ती हो म्हणते, पण अट घालते. राहा, मात्र पाण्यावर तुमची मालकी चालणार नाही. ते कबूल करतात आणि वस्ती उभी राहते. मक्का शहराची सुरुवात अशी झाली, असं ही परंपरा मानते.

मैत्रिणींनो, ही बाई प्रश्न विचारते, धावते, पाणी राखते, आणि परक्या पुरुषांच्या टोळीशी स्वतःच्या अटीवर करार करते. यातलं काय आपण मुलींपर्यंत पोचू दिलं? सबर तेवढा पोचवला. सासरी मार खाणाऱ्या मुलीला माहेरची माणसं समजावतात तेव्हा बीबी हाजराचं नाव घेतात. तिनेसुद्धा सोसलं, तूही सोस. मी मुसलमान घरात वाढले. हे समजावणं मी कितीदा ऐकलं असेल त्याची मोजदाद नाही. पण हाजराने जुरहुमांना अट घातली, तशी तूही सासरच्यांना घाल, असं सांगणारं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

हजमध्ये या विधीला सई म्हणतात. सफा ते मरवा अशा सात फेऱ्या, सगळं अंतर मिळून सुमारे तीन किलोमीटर. आता तिथे छताखालचा गुळगुळीत रस्ता आहे. मधल्या एका टप्प्यावर हिरवे दिवे लावले आहेत. हाजरा जिथे धावली तो हा टप्पा. तिथे आल्यावर पुरुषांनी झपझप धावत जायचं असा नियम आहे. आणि बायकांनी? बायकांनी धावायचं नाही, चालायचं. फिकहच्या जाणकारांचं यावर जवळजवळ एकमत आहे. पडदा राहावा, शालीनता राहावी, ही त्यामागची कारणं. म्हणजे धावली बाई, तिच्या धावण्याचा विधी झाला, आणि धावण्याचा मान पुरुषांकडे गेला. कुणाच्या श्रद्धेची टिंगल करण्यासाठी मी हे लिहीत नाही. माझी खालाही हजला जाऊन आली आहे आणि त्या जागी तिच्या डोळ्यांना धार लागली होती. पण बाईने केलेली कृती हळूहळू तिच्याकडून कशी काढून घेतली जाते, हे याहून स्वच्छ मला कुठे दिसलेलं नाही.

हे फक्त मुसलमानांत होतं असं समजून कुणी समाधान मानू नये. आमचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं जन्मगाव. गोदाकाठी त्यांचं मंदिर आहे. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना गंगाखेडवरून जाते, तेव्हा गावाला उधाण येतं. इथल्या कुठल्याही पोराला जनाबाईंची गोष्ट विचारा. तो सांगेल: विठ्ठल तिच्याबरोबर दळण दळायचा, शेण्या वेचायचा. देवाने काय काय केलं ते सगळं पाठ. जनाबाईंनी काय केलं? लहानपणीच आईबापांपासून तुटून पंढरपूरला दामाशेटींच्या घरी राबायला गेलेली पोर, जन्मभर दासी म्हणवून घेणारी बाई, तिने शेकडो अभंग रचले. शिकण्याची सोय नसलेल्या त्या काळात तिने स्वतःच्या कष्टाला स्वतःची भाषा दिली. ते बाजूला राहतं आणि देव किती दयाळू हे पुढे येतं. हाजराचं पाणी फरिश्त्याचं झालं, जनीचं दळण विठ्ठलाचं झालं. दोघीही दासी, दोघींच्या नावावर यात्रेकरू जमतात, आणि दोघींचे श्रम गोष्टीतून गायब आहेत.

आता प्रश्न येतो लहान मुलांचा. एवढ्या लहान वयात हे कशाला, असं मला सुशिक्षित मैत्रिणीही विचारतात. माझं उत्तर असं की याच वयात. मूल चौथ्या-पाचव्या वर्षी नियम शिकत नाही, गोष्ट शिकतं. गोष्टीत कोण हलतं आणि कोण बसून राहतं, कोण बोलतं आणि कोण ऐकतं, हे ते टिपत असतं. मोठेपणी आपण शिबिरं घेतो, स्त्री-पुरुष समानतेची पोस्टरं लावतो. तोवर मुलाच्या मनात बाप सुरी घेऊन उभा असतो आणि आई कुठेच नसते. शिवाय विचार करा: सुरीची गोष्ट चार वर्षांच्या मुलाला झोपताना सांगायला आपल्याला चालते, आणि तहानलेल्या बाळाला आईने पाणी मिळवून दिलं ही गोष्ट मात्र लहानांना झेपणार नाही म्हणायचं? मला विचाराल तर क्रम उलटा हवा. आधी पाण्याची गोष्ट. कुर्बानीची पुढे, मूल मोठं झाल्यावर.

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे या गोष्टीला आणखी एक धार आहे. गंगाखेड तालुक्यातून दरवर्षी उसतोडीला माणसं जातात. मुलं आजीपाशी राहतात. नवऱ्याने टाकलेल्या बायकांची मुलं बालवाडीत असतात. मुसलमान घरातली असतात, मराठा-वंजारी घरांतली असतात, दलित वस्तीतली असतात. नवऱ्याने टाकलेल्या बाईचा प्रश्न १९८८ साली संगमनेरच्या परित्यक्ता परिषदेने महाराष्ट्रासमोर ठेवला. आज इतक्या वर्षांनंतरही त्या बाईला गाव विचारतं ते हेच, की तुझं काय चुकलं? अशा बायांच्या मुलांसमोर हाजराची गोष्ट सांगितली की एक प्रश्न हमखास येतो. बालवाडीतल्या एका पोराने तो विचारला तेव्हा सगळी मुलं गप्प झाली होती: अब्बा छोडके कायकू गये?

हा प्रश्न टाळायचा नाही. गोष्ट सांगणारीची खरी परीक्षा इथे आहे. देवाचा हुकूम होता, आता पुढे ऐक, असं म्हणून मुलाला गप्प करणं सोपं आहे. पण मग आपण त्याला शिकवतो की बाप सोडून जातो तेव्हा त्यामागे देव असतो. गल्लीतला कुठलाही बेजबाबदार नवरा ही सबब आनंदाने घेईल. मी मुलांना सांगते की हाच प्रश्न हाजराने विचारला होता. तिने एकदा विचारला नाही, पुन्हा पुन्हा विचारला. इब्राहिम पैगंबर होते, तरीही तिने त्यांना विचारलं, आणि विचारल्याबद्दल तिला कुणी वाईट म्हटलं नाही. पुढे इब्राहिम परत आले, मोठ्या झालेल्या इस्माईलबरोबर त्यांनी काबा बांधला, हेही सांगते. तुमच्या-माझ्या गल्लीतल्या माणसाला असा कुठला हुकूम येत नाही, हेही स्वच्छ सांगते. मुलांना ते कळतं. आपल्याला वाटतं त्याहून चांगलं कळतं.

या कामाला तीन बाजूंनी विरोध होतो. तिन्हींना उत्तर द्यायला हवं.

पहिला विरोध आपल्याच मोहल्ल्यातल्या कर्त्या पुरुषांचा. दीनच्या गोष्टी सांगायचा अधिकार आलिमांचा, बायकांनी अर्थ काढू नये. या मंडळींना मी आठवण करून देते की हदीस सांगणाऱ्यांत हजरत आयेशांचं स्थान किती वरचं आहे. हजारो हदीसी त्यांच्या हवाल्याने आल्या आहेत. शिवाय आजवर लहान मुलांना या गोष्टी सांगितल्या कुणी? दादी-नानींनीच. रात्री बाजेवर पडून, दखनीत, वारा घालता घालता. तेव्हा कुणी सनद विचारली नाही. नानीने सबर सांगितला तर चालतो आणि सवाल सांगितला की अधिकार आठवतो, हे कसं?

हाजराचं नाव कुराणात नाही, असंही कुणी पुढे करतं. खरं आहे, नाही. कुराणात नावानिशी उल्लेख एकाच स्त्रीचा आहे, मरियमचा. पण सफा आणि मरवा या अल्लाहच्या निशाण्या आहेत हे सूरा बकरामध्ये आलं आहे, आणि त्या टेकड्यांमधल्या फेऱ्या हाजराच्या आठवणीच्या आहेत हे कुठल्याही मदरशातलं पोर सांगेल.

दुसरा विरोध बिगरमुसलमान पालकांचा. आमच्या मुलांना त्यांच्या गोष्टी कशाला? हा प्रश्न अलीकडे जास्त मोठ्या आवाजात येतो. परभणीला तुराबुल हक दर्ग्याचा उरूस दर फेब्रुवारीत भरतो. तिथे हेच पालक मुलांना खांद्यावर घेऊन जातात, मन्नत मागतात, रेवड्या घेतात. दर्ग्याचा प्रसाद चालतो, गोष्ट चालत नाही? २०२३ साली २९ जूनला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न देण्याचं आपण होऊन ठरवलं. मोठी माणसं एवढं करू शकतात, तर एकाच सतरंजीवर बसणाऱ्या मुलांना जनी आणि हाजरा एका आठवड्यात ऐकायला काय हरकत आहे? शेजारच्या घरातल्या बायांची नुसती तलाक आणि बुरख्यावरून ओळख असलेलं मूल मोठेपणी त्यांच्याशी कसं वागेल, याचा विचार या पालकांनी करावा.

इथे एक काळजी मात्र घ्यायची. राज्यघटनेच्या २८व्या कलमाप्रमाणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. ते योग्यच आहे. अंगणवाडीतही तीच मर्यादा आपण पाळावी. गोष्ट गोष्ट म्हणून सांगायची. दुआ म्हणून घ्यायची नाही, आरतीही नाही. कुणाचा धर्म खरा याचा निवाडा करायचा नाही.

तिसरा विरोध मला जास्त लागतो, कारण तो आपल्या चळवळीतून येतो. धर्मानेच बाईला बांधलं, तुम्ही पुन्हा त्याच गोष्टी मुलांच्या गळ्यात कशाला बांधता? सगळे धर्म पुरुषांच्या हातात आहेत हे मीही मानते. १९६६ साली हमीद दलवाईंबरोबर सात मुसलमान बायका मुंबईत मोर्चाने गेल्या आणि त्यांनी तोंडी तलाकच्या विरोधात मागणी केली. सुप्रीम कोर्टाने तीन तलाक रद्द ठरवायला २०१७ साल उजाडलं. एवढी वर्षं कायद्याची लढाई आवश्यकच होती. पण आपण गोष्ट सांगितली नाही म्हणून मुलं गोष्टीविना राहत नाहीत. ती ती दुसऱ्याकडून ऐकतात, आणि दुसरा सबरच सांगतो. आपण मैदान सोडलं तर ते रिकामं राहत नाही.

हाजी अलीच्या दर्ग्याचंच बघा. आतल्या मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी घातली गेली, तेव्हा भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झकिया सोमण मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शनिशिंगणापूरचा चौथराही बायकांना खुला झाला. यात्रेच्या जागी बाईचा हक्क मागणाऱ्या या बायका श्रद्धा सोडा असं म्हणत नव्हत्या. श्रद्धेत आमची जागा कुठे, असं विचारत होत्या. हजचंही तसंच. २०१८ पासून भारतातल्या ४५ वर्षांवरच्या बायका चौघींच्या गटाने, मेहरम पुरुषाविना हजला जाऊ लागल्या. २०२३ साली देशभरातून अशा चार हजारांहून जास्त बायकांची नोंद झाली. पुरुषाच्या सोबतीशिवाय बाईने मक्केत पाऊल ठेवायचं की नाही यावर शतकानुशतकं वाद झाला, आणि ते शहर वसलं ते पुरुषाविना उभ्या राहिलेल्या बाईच्या पाण्यावर! मुलांना हे कधी सांगणार?

सांगायचं कसं, याविषयी थोडं. चित्रं काढू नयेत. पैगंबरांच्या घराण्यातल्या माणसांची चित्रं अनेक घरांना चालत नाहीत, आणि त्यावरून मूळ काम अडतं. दोन दगड ठेवा, मध्ये अंतर सोडा, एका वाडग्यात पाणी ठेवा. एवढं पुरतं. सात फेऱ्या मुलांना धावू द्या, मोजू द्या. मुलींना आधी धावू द्या. हिरवा दिवा आपल्या अंगणात नाही. जुरहुमांच्या प्रसंगात एक मुलगी पाण्यापाशी उभी करा आणि बाकीच्यांना परवानगी मागायला लावा. अट तिला तिच्या शब्दांत घालू द्या. घरी टँकरच्या रांगेत आईबरोबर घागर धरून उभं राहिलेलं मराठवाड्यातलं मूल पाण्याच्या हक्काची गोष्ट लगेच ओळखतं. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आमच्या शेजारचाच जिल्हा. आमच्याकडे पाण्यासाठी बाई धावते आणि पाण्याच्या समितीत पुरुष बसतात. हाजरा ऐकून मोठी झालेली पोर या समितीला एक दिवस प्रश्न विचारेल अशी मला आशा आहे.

मुलं थोडी मोठी झाली की आणखी गोष्टी आहेत. हारून अल रशीदची बेगम झुबैदा, जिने कूफा ते मक्का या वाटेवर यात्रेकरूंसाठी विहिरी आणि तळी बांधवली, मक्केला पाण्याचा कालवा नेला. बाबराची मुलगी गुलबदन बेगम, जी अकबराच्या काळात घरच्या बायकांचा काफिला घेऊन हजला गेली, काही वर्षं तिकडे राहिली, आणि जिने पुढे भावाच्या कारकिर्दीचा इतिहास लिहिला. भोपाळची नवाब सिकंदर बेगम, जिने १८६४ साली हज केला आणि स्वतःच्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवली. या सगळ्या राजघराण्यातल्या. म्हणूनच सुरुवात हाजरापासून करावी. तिच्याजवळ काही नव्हतं. एक पखाल होती, तीही रिकामी.

पुढच्या बकरी ईदला तुमच्या गल्लीत मुलं गोळा करा. दहा मिनिटं पुरतात. ज्यांना गोष्ट येत नाही त्यांनी शेजारच्या नानीला विचारावं, आणि नानी सबरपाशी थांबली तर तिला म्हणावं, पुढे काय झालं ते सांगा. पाण्याला बांध कुणी घातला, अट कुणी घातली, तेही सांगा.